केसपेपरवर न मावणारा रोगी

महोदय,
वैद्यकीय समाजकार्य, म्हणजे रोग्याच्या उपचाराआड येणाऱ्या घरच्या, कामाच्या अडचणी सोडवायला मदत करणं, हे शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. ‘म्हणजे हॉस्पिटलात फॉर्म भरून देता ना?’ हे मी लग्नकार्यात हमखास ऐकतो. (आता उत्तर देत नाही, जिलेबी घेतो.) वास्तविक जे. जे. रुग्णालयात १९४६ सालीच वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला होता.

एका क्षयरोग्याच्या केसपेपरवर शेरा होता: ‘उपचार अर्धवट सोडले.’ सहा महिन्यांच्या गोळ्या त्याने तिसऱ्याच महिन्यात थांबवल्या होत्या. क्षेत्रकार्याला गेलेल्या माझ्या विद्यार्थिनीने त्याला एवढंच विचारलं, ‘दादा, सकाळी तुम्ही कुठे असता?’ तो नाक्यावर उभा राहणारा बिगारी. दवाखाना उघडायची आणि मुकादम माणसं उचलायची वेळ एकच! गोळी घ्यायला गेला की रोजी बुडायची. आरोग्याचं समाजशास्त्र मी वर्षभर फळ्यावर शिकवलं, तिला ते दहा मिनिटांत उमगलं.

आज समाजसेवा अधीक्षकाचा, म्हणजे सरकारी रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाचा, दिवस रेशनकार्ड आणि उत्पन्नाचे दाखले तपासण्यात जातो. ती कामं लिपिकाकडे द्यावीत आणि अधीक्षकाला वॉर्डात, रोग्याच्या खाटेशी बसू द्यावं, एवढी विनंती आरोग्य खात्याला आहे.

– एक निवृत्त प्राध्यापक, पुणे