भाजलं की आधी पाणी : पालिका आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

विषय : घरात भाजल्यावर करायचे प्रथमोपचार मुंबईच्या खोल्याखोल्यांत पोहोचवण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी निवृत्त परिचारिका. माझ्या नोकरीचा मोठा काळ ड्रेसिंग रूममध्ये गेला. तिथे भाजलेला हात यायचा तो काहीतरी माखूनच. टूथपेस्ट, निळी शाई, हळद-तेल, तूप, किसलेला बटाटा, कॉफी पावडर. टूथपेस्ट वाळून घट्ट बसलेली असते. ती ओल्या गॉजने सोडवायला गेलं की खालचा फोडही सोबत निघून येतो. शाई लावली असेल तर आणखी पंचाईत. कातडी लाल आहे, पांढरी पडलीय की करपलीय, यावरून भाजणं किती खोल ते ठरवायचं असतं, आणि तो रंगच झाकलेला. एवढं सगळं लावलेलं असायचं, पण पाणी मात्र घातलेलं नसायचं. ‘पाणी लागलं की फोड येतो’ म्हणून हात मुद्दाम कोरडा ठेवलेला.

खरं तर पाणी हाच पहिला उपचार. गॅस बंद केल्यावरही कुकरमधली डाळ शिजत राहते, तसंच चटका बसून गेल्यावरही आतली कातडी भाजत राहते. साधं, नळाचं गार पाणी सलग वीस मिनिटं त्या जागेवर सोडलं तर ती उष्णता निघते, जखम कमी खोल जाते आणि वेदनाही कमी होतात. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो, म्हणजे रिक्षा मिळेपर्यंत वेळ गेला असला तरी दवाखान्यातल्या नळाखाली हात धरणं फुकट जात नाही. बर्फ मात्र नको, त्याने कातडीला वेगळी इजा होते. अंगठी, बांगड्या, पैंजण सूज चढायच्या आत काढायचे. चिकटलेला कपडा ओढायचा नाही. पाणी घालून झालं की स्वच्छ सुती कापडाने सैलसर झाकायचं आणि फोड फोडायचा नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे तर कुठल्याही माहितीपत्रकात असतं. असतं. पण ती माहितीपत्रकं चोवीस तास पाणी असलेल्या घरासाठी लिहिलेली असतात. ‘वाहत्या नळाखाली वीस मिनिटं’ हे वाक्य गोवंडीच्या किंवा मालवणीच्या गल्लीत वाचून दाखवा, बायका हसतील. पाणी येतं ठरलेल्या वेळी, बाकी दिवस पिंपावर चालतो. तिथे सांगायचं ते असं : हात बादलीवर किंवा घमेल्यावर धरा, पिंपातलं पाणी तांब्याने हळूहळू घालत राहा, खाली जमलेलं स्वच्छ असेल तर तेच पुन्हा घ्या. एक बादली पुरते. तोंड किंवा छाती भाजली असेल तर ओलं फडकं ठेवा आणि ते गरम लागायला लागलं की बदला. लहान मूल असेल तर भाजलेला भागच गार करा, बाकी अंग पांघरुणात. अख्खं मूल गार पाण्याखाली धरलं तर ते गारठतं.

लहान मुलांबद्दल थोडं अधिक लिहिते, कारण ती बहुतेक ज्वाळेने नाही, तर गरम चहा, डाळ आणि आंघोळीच्या पाण्याने भाजतात. दहा बाय दहाच्या खोलीत ओटा एका कोपऱ्यात आणि मोरी दुसऱ्या. सकाळी उकळतं तपेलं फडक्याने धरून आई ओट्यावरून मोरीकडे निघते आणि मधल्या जमिनीवर पोर रांगत असतं. तपेल्यामुळे तिला स्वतःचे पायसुद्धा दिसत नाहीत. इथे ‘काळजी घ्या’ म्हणून काय उपयोग? सांगायचं ते हे की पाणी उकळू देऊ नका, तपेलं उचलण्याआधी ओट्यावरच त्यात गार पाणी मिसळा, आणि बादलीत नेहमी आधी गार, मग गरम. साठ अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाचीही कातडी पाचेक सेकंदांत खोल भाजते. गिझर असलेल्या घरांनी तो पन्नासच्या वर ठेवू नये.

आणि हे पत्र मंत्रालयात न पाठवता तुम्हाला का लिहिते? कारण या गोष्टीतले सगळे धागे तुमच्याच हातात आहेत. पाणी तुमचं, अग्निशमन दल तुमचं, शाळा तुमच्या, कस्तुरबा रुग्णालयातला भाजलेल्यांचा वॉर्ड तुमचा. 2000 साली त्वचापेढी सुरू झाली तीही तुमच्याच शीव रुग्णालयात. म्हणजे भाजून गेलेल्या कातडीवर दुसऱ्याची कातडी लावण्यापर्यंतचं कौशल्य पालिकेकडे आहे, फक्त पहिल्या वीस मिनिटांचं खातं कुणाकडेच नाही. त्या मिनिटांत शेजारीण जे सांगेल ते होतं.

म्हणून माझी मागणी शेजारणीला शिकवण्याची आहे. तुमच्या आरोग्य स्वयंसेविका घरोघरी जातातच. पोलिओच्या डोसासारखाच हा विषय त्यांच्याकडे द्या, आणि तोही कागद वाटून नको, पिंपाजवळ उभं राहून, तांब्या हातात घेऊन. पालिकेच्या ‘आपला दवाखाना’त भाजलेला रुग्ण आला की मलमाआधी नळ, असा लेखी नियम करा. पालिकेच्या शाळा आठ भाषांत चालतात, त्या आठही भाषांत एक पान छापा. मुलं घरी जाऊन आजीला टूथपेस्ट लावू देणार नाहीत, याची मला खात्री आहे.

अग्निशमन दलाने उंच इमारतींतली प्रात्यक्षिकं जरूर करावीत, पण चाळीत येऊन सिलिंडरचंही दाखवावं. गॅस हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो, आणि आमच्याकडे माणसं झोपतात जमिनीवरच. रात्री रेग्युलेटर बंद, केशरी नळी पाच वर्षांनी नवी. वास आला तर दिवा-पंख्याच्या बटणाला हातही लावायचा नाही, दार उघडून बाहेर जायचं आणि गॅसगळतीसाठीच्या 1906 या क्रमांकावर फोन करायचा. अंगावरच्या कपड्याने पेट घेतला तर पळायचं नाही, जमिनीवर लोळायचं. पळालं की भडका वाढतो.

चेहरा, हाताचा पंजा, पाऊल, सांधा किंवा जननेंद्रियाजवळ भाजलं, विजेने भाजलं, किंवा भाजलेली जागा रुग्णाच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठी असली तर घरी थांबू नये, हेही त्या पानावर हवं. जागा पांढरी पडली आणि दुखतच नसेल तर ते बरं नव्हे, उलट खोल गेल्याचं लक्षण असतं. ‘दुखत नाहीये म्हणून आलो नाही’ असं सांगणारे मी पुष्कळ पाहिले.

मजकूर तपासायला कस्तुरबातले डॉक्टर आहेत, छापायला पालिकेचं मुद्रणालय आहे. दिवाळीच्या महिनाभर आधी स्वयंसेविकांचं प्रशिक्षण व्हावं. बोलावलंत तर तांब्या-बादली घेऊन शिकवायला मी येईन, मानधन नको.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, परळ