ब्राउझरमध्ये उघडतं म्हणजे सर्टिफिकेट बरोबर आहे असं नाही

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्या तुमच्या पेपरात रोज येतात, ओटीपी सांगू नका, लिंकवर क्लिक करू नका, ते बरोबरच आहे, पण आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या हातून होणाऱ्या एका चुकीबद्दल, म्हणजे वेबसाइटचं सर्टिफिकेट (ती साइट खरंच तीच आहे हे दाखवणारं डिजिटल ओळखपत्र) नीट न बसवण्याबद्दल आणि न तपासण्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

मी सांगली जिल्ह्यातल्या दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) आणि शेतकऱ्याचा खाते नंबर असं सगळं आमचा पायथनमधला प्रोग्रॅम रात्री एका कार्यालयाच्या पोर्टलवर पाठवतो. मागच्या महिन्यात एका रात्री सगळ्याच केंद्रांचं पाठवणं बंद पडलं, सगळीकडे एरर एकच, 'अनेबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट', म्हणजे हे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट सापडत नाही. पोर्टलवाल्यांना फोन केला तर म्हणाले, आमच्याकडे ब्राउझरमध्ये व्यवस्थित उघडतंय, तुम्ही कोडमध्ये व्हेरिफाय फॉल्स करून टाका, चालू होईल.

चालू होतं, ते खरंय. पण त्या एका शब्दाने प्रोग्रॅम समोरच्याची ओळख तपासणंच सोडून देतो. डेटा जातो कुलूपबंदच, पण किल्ली कुणाच्या हातात दिली ते कळत नाही, मधे वायफायवर बसलेल्या कुणीही स्वतःचं खोटं सर्टिफिकेट पुढे केलं तरी आमचा प्रोग्रॅम शेतकऱ्यांचे खाते नंबर बिनदिक्कत त्याला देऊन मोकळा होणार. मी ते केलं नाही.

आधी मला घड्याळाची शंका आली, कारण केंद्रावरच्या जुन्या पीसीचा सेल गेला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि मग चांगलं सर्टिफिकेटही 'अजून लागू झालेलं नाही' म्हणून नाकारलं जातं. पण तारखा बरोबर होत्या, आणि सगळी केंद्रं एकाच रात्री पडली म्हणजे गडबड समोरच होती. मग सर्व्हर कोणकोणती सर्टिफिकेटं पाठवतो ते दाखवणारी ओपनएसएसएलची एस-क्लायंट कमांड पोर्टलच्या नावाने चालवली. 'सर्टिफिकेट चेन'खाली शून्य नंबरची एकच नोंद, एक नंबरची नाहीच, आणि शेवटी व्हेरिफाय रिटर्न कोड २१, म्हणजे पहिल्याच सर्टिफिकेटची पडताळणी होत नाही.

म्हणजे झालं काय, तर हँडशेकच्या वेळी, म्हणजे जोडणी सुरू होताना, सर्व्हरने स्वतःच्या सर्टिफिकेटबरोबर ते देणाऱ्या मधल्या संस्थेचंही, म्हणजे इंटरमीजिएट सर्टिफिकेट पाठवायचं असतं. सगळ्यात वरच्या संस्थेचं, म्हणजे रूट सर्टिफिकेट आपल्या कॉम्प्युटरमध्ये आधीच असतं. सोयरीक बघायला आलेला माणूस आपण ओळखत असलेल्या घरातलाच असतो, पण मधला पाहुणा कोण ते त्याने सांगितलंच नाही तर आपल्याला ओळख लागत नाही, तसं झालं. क्रोम ते मधलं सर्टिफिकेट स्वतः जाऊन आणतो, फायरफॉक्सकडे अशांचा साठाच असतो, म्हणून ब्राउझरमध्ये सगळं ठीक दिसतं. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी असलं काही करत नाही, समोरून आलं तेवढ्यावरच बघते, आणि नाही म्हणते ते योग्यच आहे.

उपाय पोर्टलवाल्यांच्या हातात आहे आणि तो छोटा आहे. एनजिनएक्समध्ये (वेबसाइट चालवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) नुसत्या सर्टिफिकेटच्या फाइलऐवजी फुलचेनची, म्हणजे मधल्या सर्टिफिकेटसकटची फाइल द्यायची आणि सर्व्हर रीलोड करायचा. तोपर्यंत मी ते इंटरमीजिएट देणाऱ्या संस्थेच्या साइटवरून उतरवून घेतलं, आमच्या सर्टिफिकेट बंडलमध्ये (आमचा प्रोग्रॅम ज्यांच्यावर विश्वास ठेवतो त्या सर्टिफिकेटांच्या फाइलमध्ये) जोडलं आणि तपासणी चालूच ठेवून पाठवणं सुरू केलं. पण पुढच्या रिन्यूअलला इंटरमीजिएट बदललं की हे पुन्हा पडणार. आणि रिन्यूअल आता वारंवार होणार आहे, आधी सर्टिफिकेट जास्तीत जास्त ३९८ दिवसांचं मिळायचं, नव्या नियमाने मार्च २०२६ पासून २०० दिवस आणि मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस, म्हणजे चुकीची फाइल टाकायची संधी वर्षातून सात-आठदा.

संपादक साहेब, तुमच्या पेपरात या विषयावर कुणा जाणकाराकडून सविस्तर लिहून घ्या. पोर्टल चालवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की तपासताना फक्त ब्राउझर बघू नका, आणि कुणालाही व्हेरिफाय फॉल्स करायला सांगू नका. मी त्या कार्यालयाला सगळं आउटपुट जोडून मेल केलाय त्याला तीन आठवडे झाले. आज सकाळी परत कमांड चालवून बघितली, अजून शून्य नंबरची एकच नोंद येतेय.

आपला,
एक वाचक, जि. सांगली