प्युजिनबद्दल थोडं

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

जुन्या पद्धतीने बांधणाऱ्यांना तू परवा सरसकट मागासलेले म्हणालीस आणि त्यात एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश वास्तुविशारद प्युजिनचंही नाव घेतलंस. मला ते पटलं नाही. फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहितोय.

ऑगस्टस प्युजिन 1812 साली लंडनमध्ये जन्मला. वडील फ्रान्समधून आलेले आरेखक. त्यांच्या हाताखाली जुन्या गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या टोकदार कमानींच्या शैलीतल्या, इमारतींची चित्रं काढत तो घडला. मध्ययुगीन काम त्याला प्रामाणिक वाटे, कारण तिथे तुळई तुळईसारखी दिसते, बिजागरी लपवलेली नसते. 1841 साली त्याने लिहिलं की सोय, बांधणी किंवा औचित्य यांसाठी लागत नाही ते इमारतीत नको, आणि नक्षी करायची ती बांधणीच्या आवश्यक भागांवरच. तुमच्या आर्किटेक्चरच्या वर्गात आधुनिक म्हणून शिकवतात ते याहून फार वेगळं आहे का?

त्याच्या 'कॉन्ट्रास्ट्स' पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत दोन चित्रं समोरासमोर आहेत: मठाच्या आसऱ्याला असलेले जुन्या काळचे गरीब, आणि नव्या वर्कहाऊसात, म्हणजे गरिबांना कामाच्या बदल्यात ठेवायच्या सरकारी आश्रयगृहात, कोंडलेला गरीब. जुनं जग त्याने दाखवलं तितकं दयाळू नव्हतं, हे मलाही कळतं. पण समाज गरिबाला कसं वागवतो हे इमारतीवरून ओळखायचं, ही नजर मला फार मोलाची वाटते. ती तुझ्यात यावी असं मनापासून वाटतं.

1834 मध्ये लंडनचं जुनं संसद भवन जळालं. नव्याचे वास्तुविशारद चार्ल्स बॅरी, पण आतलं लाकूडकाम, फरशा, भिंतीचे कागद, अगदी शाईच्या दौतीसुद्धा प्युजिनने रेखाटल्या. बिग बेनच्या मनोऱ्याचा आराखडाही त्याचाच. तो केला त्याच वर्षी, 1852 मध्ये, त्याचं मानसिक संतुलन ढळलं, काही काळ वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं आणि चाळिसाव्या वर्षी तो गेला. मदतनीस फारसे न ठेवता त्याने आयुष्यभर स्वतःला राबवलं होतं. सबमिशनच्या आधी रात्र रात्र जागून शीट्स काढतेस तेव्हा मला हेच आठवतं. जेवत जा, झोपत जा.

सुट्टीत आलीस की आपण सीएसएमटीला जाऊ. वास्तुविशारद स्टीव्हन्सच्या त्या गॉथिक इमारतीवरच्या कोरीवकामात जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांचाही हात आहे. कुठली नक्षी खांब-कमानीतून निघालीय आणि कुठली नुसती वरून चढवलीय, ते तू मला दाखव.

तुझे बाबा