प्रवेशाची फाइल आणि सहा महिन्यांची लस

संपादक महोदय,

वैद्यकीय प्रवेशाचा हंगाम आला की गुण आणि पसंतीक्रम यांवर रकानेच्या रकाने छापून येतात. प्रवेशानंतर वॉर्डात उभे राहण्यासाठी जी लसीकरणाची फाइल लागते, तिच्याबद्दल मात्र ओळही नसते. अनेक महाविद्यालये ही फाइल पूर्ण झाल्याशिवाय विद्यार्थ्याला रुग्णाजवळ जाऊ देत नाहीत. ती रात्रभर जागून पुरी होणारी गोष्ट नव्हे.

सर्वांत जास्त वेळ जातो हिपॅटायटिस बीच्या लशीत. पहिला डोस, महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा आणि त्यानंतर एक ते दोन महिन्यांनी रक्ततपासणी. म्हणजे आठ महिने धरूनच चालावे. घाई असली तरी पहिल्या व तिसऱ्या डोसात किमान १६ आठवडे आणि दुसऱ्या व तिसऱ्यात किमान ८ आठवडे हवेतच. मधला डोस लांबला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करू नये. राहिले तिथून पुढे जावे.

फसगत होते ती लॅबच्या काउंटरवर. ‘हिपॅटायटिस बीची टेस्ट’ एवढेच सांगितले तर अनेकदा एचबीएसएजी केली जाते. ती संसर्ग आहे का, हे सांगते. फाइलीला हवी असते अँटी-एचबीएस, म्हणजे लशीने रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे मोजणारी तपासणी, आणि तीही आकड्यात: मिलिलिटरमागे १० मिलि-इंटरनॅशनल युनिट किंवा जास्त. डोसानंतर १८ दिवसांच्या आत एचबीएसएजी केली तर लशीतलाच अंश सापडून अहवाल पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि घरात विनाकारण घबराट पसरते.

लहानपणी तिन्ही डोस झालेल्यांचा आकडाही पुष्कळदा १० च्या खाली आलेला असतो. संरक्षण संपले, असा त्याचा अर्थ नाही. एक जादा डोस घेऊन महिना-दोन महिन्यांनी तपासले की बहुतेकांचा आकडा वर जातो. नाहीच गेला तर आणखी दोन डोस घेऊन दुसरी मालिका पूर्ण करायची. तरीही वाढला नाही आणि संसर्गही नाही, तर त्या विद्यार्थ्याला ‘नॉन-रिस्पॉन्डर’ म्हणतात. एवढ्यावरून त्याने डॉक्टर होण्याचा विचार सोडायचे काहीही कारण नाही. बाधित रुग्णाची सुई टोचली गेल्यास त्याला इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) द्यावे लागेल, ही नोंद मात्र त्याच्या फाइलीत ठळक असली पाहिजे.

क्षयाच्या चाचणीत वेळापत्रक चुकते. माँटू या त्वचेवरच्या चाचणीची सुई हातात टोचल्यावर ४८ ते ७२ तासांत हात दाखवावाच लागतो. त्या वेळेत दवाखान्याला सुट्टी असेल तर सगळे पुन्हा. मोजायची असते ती लाली नव्हे, तिथे आलेल्या गाठीचा कडकपणा. बॉलपेन त्वचेवरून गाठीकडे हलके सरकवायचे, जिथे अडेल तिथे खूण, मग समोरच्या बाजूनेही तसेच. दोन खुणांमधले अंतर हाताच्या आडव्या दिशेने मिलिमीटरमध्ये लिहायचे. काहीच नसेल तर ‘० मिमी’. नुसते ‘निगेटिव्ह’ लिहिलेला कागद अनेकदा परत येतो. बीसीजी घेतलेल्यांना त्या लशीमुळेही गाठ येऊ शकते, म्हणून त्यांच्यासाठी इग्रा ही रक्तचाचणी बरी.

इथेच क्रम सांभाळावा लागतो. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या या जिवंत लशी आहेत. त्या दिल्यावर काही आठवडे माँटूची प्रतिक्रिया दबू शकते. म्हणून चाचणी आधी किंवा त्याच दिवशी करावी, नाहीतर किमान चार आठवडे थांबावे. या दोन लशीही एकाच दिवशी घ्याव्यात, अन्यथा त्यांच्यात २८ दिवसांचे अंतर हवे. गर्भवतींना त्या देत नाहीत.

प्रत्येक डोसापुढे तारीख, बॅच क्रमांक, सही आणि शिक्का हवा. ‘सर्व लशी झाल्या आहेत’ अशा एका ओळीच्या दाखल्याचा उपयोग होत नाही. मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो का, हे पाहणारी फिट टेस्ट असेल त्या दिवशी दाढी पूर्ण काढलेली असावी; खुंट असले तरी कडेने हवा गळते. चाचणीआधी १५ मिनिटे काही खाऊ-पिऊ नये, कारण फवारलेल्या द्रावणाची चव कळते का, हेच त्यात पाहतात.

आठ महिने मागे मोजले तर पहिल्या डोसाची वेळ निकालाच्या बरीच आधी येते. तेव्हा हे वेळापत्रक निकालाच्या पुरवणीत न छापता प्रवेश परीक्षेचे अर्ज सुटतात त्या आठवड्यात छापावे, ही विनंती.

आपल्या,
विद्यार्थ्यांच्या लसीकरण-नोंदी तपासणाऱ्या परिचारिका