तुझी निळी वही सापडली का?

रेज्जो एमिलिया, इटली
२६ मे

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

बाबा, हे पत्र आजीला वाचून दाखवाल तेव्हा सावकाश वाचा आणि मध्ये स्वतःचं काही घालू नका. एका बैठकीत संपवायची घाई नाही. तिला झोप आली तर उरलेलं उद्या.

आजी, गेला आठवडाभर इथे कापूस उडतोय. कालव्यांच्या काठाने पॉप्लरची उंच झाडं आहेत, मे महिन्यात त्यांची बोंडं उकलतात आणि आपल्या सावरीसारखा पांढरा कापूस गावभर फिरतो. शाळेच्या अंगणात तो पायरीपाशी साचतो आणि मुलं त्यात हात घालून बसतात. परवा चार वर्षांची एक पोर म्हणाली, "झाडांना उकडायला लागलंय, पांघरूण काढतायत ती." मी ते जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. तारीख घातली, कोण म्हणालं, कुठे बसलं होतं, हातात काय होतं, सगळं लिहिलं. लिहिता लिहिता तुझी निळी वही आठवली. आज पत्राला बसले ते तिच्यासाठीच, पण तिच्यापर्यंत यायला मला थोडा वेळ लागेल.

तुझ्या नातजावयाची नोकरी मोदेनाच्या बाजूला, म्हणून आम्ही रेज्जोत राहतो, हे तुला माहीत आहे. माझी शाळा एका सहकारी संस्थेची आहे. इकडे दूध, शेती, बांधकाम, किराणा, बालवाड्या, सगळीकडे सहकार आहे, हे बाबांना ऐकून बरं वाटेल. तीन ते सहा वर्षांची मुलं. मला इंग्रजी बोलणारी ताई म्हणून घेतलं, पण वेगळा असा तास नसतो, दिवसभर मी त्यांच्यातच असते. मुलं सगळ्या शिक्षकांना नावानेच हाक मारतात.

शाळेच्या मधोमध मोठा चौक आहे, त्याला ते पियाझ्झाच म्हणतात, गावातल्या चौकासारखा. सगळे वर्ग त्यात उघडतात. एका बाजूला स्वयंपाकघर, आणि त्याची भिंत काचेची! आत काय शिजतंय ते मुलांना दिसतं, आणि स्वयंपाकीणबाई मुलांच्या बैठकीत आमच्याइतक्याच हक्काने बोलतात. पानं मुलंच मांडतात, रोज दोघा-तिघांची पाळी. ताटल्या चिनी मातीच्या आणि पेले काचेचे. पहिल्या दिवशी माझा जीव वर-खाली होत होता. सबंध वर्षात दोन पेले फुटले, त्यातला एक माझ्या हातून.

वर्गात दोन शिक्षिका, आणि त्याच दोघी तीन वर्षं त्याच मुलांबरोबर. नवं मूल आलं की आई किंवा बाप पहिले काही दिवस वर्गातच बसून असतात. मूल रडत दारातून ओढून आत घेणं हा प्रकार मी इथे पाहिलेला नाही.

आता डिसेंबरची गोष्ट सांगते. पो नदीचं हे खोरं ताटासारखं सपाट आहे आणि थंडीत तिथे धुकं बसतं. समोरच्या चर्चचा घंटेचा मनोरा आमच्या खिडकीतून रोज दिसतो, तो त्या दिवशी दिसेना. मुलं खिडकीला चिकटली. "मनोरा कुठे गेला?" मी लगेच सांगून टाकलं की मनोरा तिथेच आहे, धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब, त्यामुळे दिसत नाही. सगळं बरोबर होतं. मुलांनी ऐकलं आणि एकेक करून खिडकीपासून दूर गेली. प्रश्न संपला होता.

वर्गातली माझी जोडीदारीण शिक्षिका माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी. मला त्या वेळी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही धुकं होतं. ती एक वही घेऊन खिडकीपाशी जमिनीवर बसली आणि कुणालाच काही विचारलं नाही. हळूहळू मुलं आली. एक म्हणालं, धुक्याने मनोरा गिळला. दुसरं म्हणालं, मग घंटेचा आवाज कसा येतो? तिसरं विचार करून म्हणालं, "गिळला, पण चावला नाही." त्यावर अर्धा तास चर्चा झाली. मग कुणी माती घेतली, कुणी काळा कोळसा, कुणी पातळ कागदाचे थर एकावर एक ठेवून मनोरा लपवायला लागलं. ते काम तीन आठवडे चाललं. आता भिंतीवर त्यांची चित्रं आहेत आणि प्रत्येकाखाली त्या मुलाचं वाक्य, त्याच्याच शब्दांत, व्याकरणाच्या चुकांसकट. नंतर ती मला एवढंच म्हणाली, "तू उत्तर फार लवकर दिलंस." मला ते लागलं. अजूनही आठवलं की लागतं, कारण हे मला तुझ्याकडून आधीच कळायला हवं होतं.

मुलांचं ऐकून, त्यांच्याच प्रश्नांवरून शिकवायची ही पद्धत जिथून निघाली ती जागा मी मार्चमध्ये पाहून आले. शहराबाहेर व्हिल्ला चेल्ला म्हणून वस्ती आहे. १९४५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपलं तेव्हा पळून गेलेल्या जर्मन सैन्याचा एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे मागे राहिले होते. गावकऱ्यांनी ते विकले आणि त्या पैशातून मुलांसाठी शाळा बांधायचं ठरवलं. बॉम्बने पडलेल्या घरांच्या विटा काढल्या, नदीतून रेती आणली, बायका-पुरुषांनी सुट्टीच्या दिवशी आणि रात्री राबून भिंती उभ्या केल्या. लोरिस मालागुत्झी तेव्हा पंचवीस वर्षांचे तरुण मास्तर. बातमी ऐकली तशी सायकलवर टांग मारून बघायला गेले, आणि पुढे १९९४ साली वारले तोवर याच कामात राहिले. १९६३ मध्ये रेज्जोच्या नगरपालिकेने स्वतःची पहिली बालशाळा काढली, त्यामागेही तेच होते. त्यांच्या नावाचं केंद्र आता चीजच्या जुन्या गोदामात आहे.

तिथे उभी असताना १९४५ हा आकडा मला बोचायला लागला. कुठेतरी ऐकलाय, कुठेतरी ऐकलाय असं होत राहिलं. घरी येताना वाटेत आठवलं. ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं तेही १९४५ सालीच! तूच सांगायचीस. आदिवासी पाड्यातली मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून ताराबाई आणि अनुताई वाघ बालवाडी घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या, ती अंगणवाडी. मोठी मुलं गुरांमागे जायची म्हणून शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. पुढे १९५७ मध्ये सगळं कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि त्यानंतर काही वर्षांनी तू तिथे शिकायला गेलीस, पदराला दोन पोरं असताना.

दुसऱ्या दिवशी हे मी शाळेत सांगितलं. मारिया माँटेसोरी युद्धाच्या वर्षांत हिंदुस्थानात होत्या हे इथल्या शिक्षिकांना माहीत आहे, पण ताराबाई आणि अनुताई ही नावं कुणी ऐकलेली नव्हती. मी फळ्यावर लिहून दाखवली. कुरणशाळेचं ऐकून त्या गप्पच झाल्या. कुरणात वर्ग भरतो म्हणजे काय, मुलं बसतात कुठे, पाऊस आला तर काय, असं विचारत राहिल्या, आणि अर्ध्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती उत्तरं तुझ्याकडे आहेत.

शनिवार-रविवार आम्ही घरी बसत नाही. माझ्या वर्गात एक पंजाबी मुलगा आहे, त्याचे वडील गाईंच्या गोठ्यात काम करतात. इथल्या गोठ्यांमध्ये पंजाबी माणसं खूप. त्यांनीच एका शनिवारी पहाटे आम्हाला चीजचा कारखाना दाखवला, जिथे पार्मिजानो रेज्जानो बनतं. आजी, ते पाहताना तू हवी होतीस. रात्रीचं दूध पसरट भांड्यात ठेवतात, सकाळी वरची साय काढतात, आणि त्यात सकाळचं धारोष्ण दूध मिसळतात. मग तांब्याच्या प्रचंड कढया, घंटा उलटी टांगल्यासारख्या. विरजण म्हणून कालच्या चीजचं उरलेलं पाणी घालतात, आज विरजलं त्यातलं उद्यासाठी राखतात, अगदी आपल्या विरजणाच्या वाटीसारखं. दूध जमलं की मोठ्या रवीने ते फोडायचं, तांदळाच्या दाण्याएवढी कणी होईपर्यंत. मग तापवायचं, खाली बसू द्यायचं, आणि दोघांनी मिळून कापडात तो गोळा उचलायचा. त्याचे दोन भाग करतात, त्यांना जुळी म्हणतात. एका चाकाला साडेपाचशे लिटरच्या आसपास दूध लागतं आणि वजन भरतं चाळीस किलोच्या घरात. निदान बारा महिने मुरवतात, चांगलं म्हणजे चोवीस. गाईंना मुरघास घालायला बंदी आहे, हे काकांना मुद्दाम सांगा. कारखान्याला सुट्टी नाही, नाताळलाही नाही, कारण गाईंना सुट्टी नसते.

एक गोष्ट तुला आवडणार नाही. दूध जमवायला वासराच्या पोटातलं रेनेट घालतात, दुसरं काही चालत नाही, तसा नियमच आहे. हे कळल्यापासून मी ते खात नाही. स्वयंपाकीणबाई माझं पान चीज न घालता वेगळं ठेवतात, न सांगता. पण बनताना बघायला मी पुन्हा जाईन.

त्या दिवशी दुपारी त्याच कुटुंबाबरोबर नोव्हेल्लाराच्या गुरुद्वारात गेलो. २००० सालापासून आहे, आजूबाजूला नुसती शेतं. लंगरात पंगतीत बसलो आणि ताटात गरम डाळ पडली. मी त्या वडिलांना कुरणशाळेचं सांगितलं. ते लहानपणी म्हशी चारायचे, शाळा चौथीत सुटली. म्हणाले, आमच्याकडे कुणी अशी शाळा घेऊन आलं नाही. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

रावेन्नाला गेलो त्याबद्दल थोडंच लिहिते, कारण ते शब्दात येत नाही. पंधराशे वर्षांपूर्वीची छोटीशी विटांची समाधी, बाहेरून बघावंसं काही नाही. आत वाकून गेलं की छत गर्द निळं आणि त्यावर सोनेरी चांदण्या, सगळं काचेच्या बारीक तुकड्यांचं. खिडक्यांना काचेऐवजी दगडाच्या पातळ चकत्या, त्यातून मधासारखा उजेड येतो. सोमवारी मुलांना चित्र दाखवलं तर एकाने विचारलं, "रात्र कुणी चिकटवली?" या वेळी मी उत्तर दिलं नाही.

आणि बोलोन्या. डोंगरावर सान लूकाचं मंदिर आहे, मरियमचं. शहराच्या वेशीपासून थेट वरपर्यंत छप्पर घातलेली कमानींची वाट, ६६६ कमानी, जवळजवळ चार किलोमीटर. १६७४ मध्ये बांधायला घेतली, आणि तीन वर्षांनी सामान वर नेण्यासाठी लोकांनी डोंगरभर रांग लावून ते हातोहात पोचवलं. दरवर्षी मे महिन्यात तिथली मूर्ती, म्हणजे लाकडावरचं चित्रच, खाली शहरात आणतात, आठवडाभर ठेवतात, पुन्हा वर पोचवतात. १४३३ साली पाऊस थांबेना, पिकं जायची वेळ आली, तेव्हा पहिल्यांदा ती खाली आणली आणि पाऊस थांबला असं मानतात. पालखीच की गं! आम्ही गर्दीत उभे होतो. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंनी मूर्ती जवळ आल्यावर माझा हात धरला, तोंडाने काही म्हटलं नाही, आणि पुढे गेल्यावर सोडला. तू ज्ञानोबाची पालखी बघताना माझा हात असाच धरायचीस.

आता वही.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. गणपतीच्या सुट्टीत माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तुझी निळी वही सापडली होती. त्यात बालवाडीतल्या पोरांची वाक्यं, तारखांसकट, तुझ्या तिरप्या अक्षरात. एका वारली मुलाचं वाक्य वाचून मी खो-खो हसले होते. पाऊस आला की डोंगर घरात जातो, असं काहीतरी. तू हातातलं निवडणं बाजूला ठेवलंस आणि म्हणालीस, "हसू नकोस. त्याने तो जाताना पाहिला होता."

मी हे शाळेत सांगितलं. जोडीदारणीने डोळे पुसले आणि म्हणाली, हे मनोऱ्याच्या भिंतीवर लागलं पाहिजे, मराठीत आणि खाली इटालियनमध्ये. मुलांना सांगितलं तर ती आता रोज डोंगराच्या घराबद्दल बोलतात. त्याला दार किती मोठं, आत दुसरे डोंगर आहेत का, डोंगर बूट बाहेर काढतो का.

शाळा ३० जूनला बंद होईल, त्याआधी हवंय. बाबा, पेटी माळ्यावर नसेल तर जुन्या कपाटाच्या वर बघा. त्या पानाचा फोनवर फोटो काढून पाठवा, मुलाचं नाव झाकून. आणि आजी, वही सापडली नाही तरी तू आठवून सांग, कारण इथे मुलाचे शब्द बदलून लावत नाहीत, आणि इटालियनमध्ये दोन्हींचे अर्थ वेगळे होतात. तो नक्की काय म्हणाला होता? डोंगर घरात जातो, की डोंगर घरी जातो?

तुझी नात