अकरा महिन्यांचा बाँड आणि सहा कॉट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी, हे आवाहन आपल्या अंकात वाचले. मी ती दिली होती. फोटो, आधार कार्डाची प्रत, सगळे रीतसर. पण ज्याची माहिती दिली तो माणूस त्या घरात राहतच नव्हता, हे कळायला मला सात महिने लागले.

उद्योग भवन परिसरापासून पायी जाण्याच्या अंतरावर माझे तीन खोल्यांचे घर आहे. लातूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, हा आमच्याकडचा ट्यूशनचा भाग. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या तयारीसाठी परभणी, हिंगोली, बीडकडची लेकरे इथे येतात आणि त्यांच्यामुळे जिन्याखालच्या खोलीलाही गिऱ्हाईक मिळते. गेल्या वर्षी जूनमध्ये एका गृहस्थांना मी घर महिना नऊ हजारांनी दिले. नवरा-बायको आणि बारावीतला मुलगा, एवढेच राहणार असे ठरले. दलालाने पाचशेच्या बाँडवर अकरा महिन्यांचा करार टाईप करून, नोटरी करून आणला. मी सही केली आणि नातवाच्या ओढीने पुण्याला मुलाकडे गेलो. संक्रांतीला परतलो तर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "सर, हॉस्टेल काढलंत आणि आम्हाला सांगितलंही नाही!"

आत सहा कॉट होत्या. बैठकीच्या मधोमध प्लायवूड ठोकून दोन खोल्या केलेल्या. सहा मुलांकडून प्रत्येकी तीन हजार भाडे आणि तीन हजार अनामत. म्हणजे महिन्याला अठरा हजार. नऊ माझे, नऊ त्यांचे. जाब विचारला तर उत्तर तयार होते, "सर, सगळी माझ्या पाहुण्यांचीच लेकरं आहेत." एक कंधारचा, दोघे हिंगोलीचे, एक गेवराईचा, दोघे परळीचे, आणि सहा जणांची आडनावे सहा. एवढा ऐसपैस गोतावळा मी आयुष्यात पाहिला नव्हता.

मग सल्ले सुरू झाले. आमच्या गल्लीत वकील एक आणि सल्लागार चाळीस. कोणी म्हणाले नळ बंद करा, कोणी म्हणाले फ्यूज काढून खिशात घाला, एकाने तर पोरांच्या पेट्या रस्त्यावर ठेवायची तयारीच दाखवली. ज्या गावाने 2016 साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले, तिथे कोणाचे पाणी तोडायला माझा हात धजला नसताच. पण कायद्यालाही ते चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम 29 घरमालकाला भाडेकरूचे वीज-पाणी तोडू देत नाही. मी ते केले असते तर फिर्यादी व्हायच्या ऐवजी आरोपी झालो असतो.

वकिलांकडे गेलो तेव्हा त्यांनी आधी माझाच बाँड उचलून बघितला आणि विचारले, "सर, नोंदणी कुठंय?" अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हे मी बापजन्मापासून ऐकत आलो. तो अकराचा आकडा 1908 च्या नोंदणी कायद्यातून आला. त्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. पण आपल्याकडचा 1999 चा भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला (तोवर मराठवाड्याला हैदराबाद राज्याचा 1954 चा कायदा होता), आणि त्याचे कलम 55 सांगते की करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदलेलाच हवा. जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि त्याहून वाईट म्हणजे, नोंदणी नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू म्हणेल ते खरे धरले जाते; खोटे आहे हे सिद्ध आपण करायचे. चौतीस वर्षे मुलांना "लिहिलेलं नीट वाचा" म्हणत आलेल्या माणसाची ही गत.

बरे, वाचवले तरी किती? अकरा महिन्यांचे भाडे 99,000. लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती घर वापरायची परवानगी देणारा करार, नोंदला असता तर त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे अडीचशेच्या आसपास, आणि शहरात नोंदणी फी हजार. दलालाने नोटरी-बाँडचे दीड हजार घेतले होते.

कायदा माझ्या बाजूने नव्हता असे नाही. करारात चकार शब्द नसला तरी परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवायला कलम 26 मनाई करते आणि कलम 16 नुसार ते घर खाली करून घ्यायला पुरेसे कारण आहे. मात्र घर प्रत्यक्ष कोणाच्या ताब्यात आहे आणि त्याचे पैसे कोण घेते, हे दाखवावे लागते. ते मुलांनी मोबाईलवरून त्या गृहस्थांना दरमहा पाठवलेल्या पैशांवरून दिसतच होते. पण दिवाणी न्यायालयात किती वर्षे, हे वकिलांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. नोंदलेला लिव्ह अँड लायसन्स करार असता तर मुदत संपताच कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशी प्रकरणे ऐकायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जाऊन दुप्पट शुल्कही मागता आले असते.

सगळ्यात अवघड गेला तो हिंगोलीहून आलेल्या एका वडिलांचा दिवस. त्यांना मीच मालक आहे हेही माहीत नव्हते. हातात नोटा धरून म्हणाले, "गुरुजी, मे महिन्यापर्यंतचं भाडं तुम्हीच घ्या, पण लेकराला आता हलवू नका." वकिलांनी बजावले होते की मुलांकडून एक रुपयाही घेतलात तर उद्या तुमची संमती होती म्हणतील. मी पैसे घेतले नाहीत. का घेत नाही हे त्यांना समजावता समजावता चहा गार झाला. तरीही त्यांना वाटले असणार, म्हाताऱ्याला पोरे बाहेरच काढायची आहेत.

शेवटी नोटिशीनंतर ते गृहस्थ नरमले. नीटची परीक्षा झाल्यावर मेअखेर घर खाली करून द्यायचे, असे लिहून घेतले. माझ्याकडच्या वीस हजार अनामतीतून मुलांचे अठरा हजार वकिलांच्या टेबलावर त्यांच्याच हाताने परत करवले. प्लायवूड मात्र तसेच सोडून गेले.

संपादक महोदय, पोलिसांच्या आवाहनाशेजारी जूनमध्ये पालकांसाठीही चार ओळी छापाव्यात. कॉट घेताना मालकाचे नाव आणि नंबर मागा, नोंदलेला करार दाखवायला सांगा, अनामतीची पावती घ्या. फसलो मी एकटा नव्हतो, माझ्याबरोबर सहा कुटुंबेही फसली होती.

घर आता पुन्हा दिले आहे, या वेळी नोंदणी करून. पोटभाडेकरू ठेवायचा नाही, राहणाऱ्यांची नावे ही, असे स्पष्ट घातले आहे. दलाल म्हणाला, "सर, एवढं कोण वाचतं?" मी त्याला समोर बसवून सगळा करार मोठ्याने वाचायला लावला. तीन ठिकाणी अडखळला.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, लातूर