खाडीच्या फोटोंची घडी बसवून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवरून रोहित पक्ष्यांचे फोटो आणि नोंदी गोळा करणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून हे आभाराचं पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुम्ही लिहून दिलेली शेल स्क्रिप्ट (फोटो उतरवणं, नावं बदलणं, बॅकअप यांच्या आज्ञांची फाईल) ऐरोली, वाशी, नेरुळला कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडावी ही तुमचीच इच्छा. एकेक ओळ तिथे का आहे हे समजल्याशिवाय ती कुणी चालवू नये, हेही तुम्हीच बजावलं होतं. म्हणून आभारांसोबत त्या ओळींची कारणंही इथे मांडतो.

सुरुवात नावांपासून. कॅमेरा डीएससी_0001 पासून मोजायला लागतो आणि 9999 नंतर पुन्हा 0001 वर येतो. तीन जणांची कार्डं एकाच फोल्डरमध्ये रिकामी केली की एकाच नावाचे दोन-तीन फोटो हमखास निघतात. अशा वेळी टर्मिनलवरची (आज्ञा टाईप करायच्या खिडकीतली) फाईल हलवणारी 'एमव्ही' कमांड काही विचारत नाही. जुन्या फाईलवर नवी बसवते आणि जुनी कचरापेटीतही सापडत नाही. बरं, '-एन' लावून 'सीपी' (कॉपी) केलं तर जुनी फाईल वाचते, पण नवी गुपचूप वगळली जाते. कार्ड पूर्ण उतरलं असं वाटतं आणि निम्मे फोटो कार्डावरच राहतात. तुम्ही यावर काढलेला मार्ग साधा आहे: प्रत्येक कार्डाला स्वतंत्र फोल्डर, कार्डावरून नेहमी कॉपी, हलवणं कधीच नाही. नावं बदलायची ती उतरवलेल्या प्रतीवर.

नावं बदलण्यासाठी तुम्ही 'एक्झिफटूल' निवडलंत, याबद्दल विशेष आभार. ते फोटोच्या आत कॅमेऱ्याने नोंदवलेली वेळ वाचतं. फाईलची बाहेरची तारीख ही पुष्कळदा कॉपी केल्याची तारीख असते, आणि आमच्या कामात वेळ चुकली तर सगळंच चुकतं. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो तेव्हा रोहित तिथे चरतात, भरतीला चिखल बुडाला की नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवर येऊन थांबतात. त्यामुळे प्रत्येक फोटो भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहावा लागतो. एखाद्याच्या कॅमेऱ्याचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर राहिलं असेल तर फरक साडेपाच तासांचा. भरतीपासून ओहोटीपर्यंतचं अंतर साधारण सव्वासहा तासांचं, म्हणजे त्या घड्याळाने भरतीच्या जागी जवळजवळ ओहोटीच नोंदवली जाते! म्हणून तुमच्या स्क्रिप्टमध्ये नाव बदलण्याच्या आधी वेळदुरुस्तीची पायरी आहे. प्रत्येक कॅमेऱ्याने एकाच मोबाईलच्या घड्याळाचा एक फोटो काढायचा, त्यावरून फरक ठरवायचा आणि 'ऑलडेट्स' मध्ये (फोटोतल्या तारखा-वेळा एकत्र बदलणाऱ्या खुणेत) तो अधिक किंवा उणे करायचा. दुरुस्ती करताना एक्झिफटूल मूळ फाईल '_ओरिजिनल' असा शेवट लावून बाजूला ठेवतं. ती लगेच पुसू नका, तपासणीनंतरच पुसा, ही तुमची सूचना आम्ही स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत टिपणी म्हणून लिहून ठेवली आहे. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंत सहसा आतली वेळच उरलेली नसते. त्यांना अंदाजाने तारीख न देता 'तारीख नाही' अशा वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचं, हाही निर्णय तुमचाच आणि अगदी योग्य.

नव्या नावाचा साचा असा: वर्ष-महिना-दिवस, मग तास-मिनिट-सेकंद, मग फोटो काढणाऱ्याची आद्याक्षरं, आणि शेवटी कॅमेऱ्याने दिलेलं मूळ नाव. वर्ष आधी घेतल्याने अकारविल्हे लावलेली यादी आपोआप कालक्रमाने लागते. मूळ नाव शेवटी का, हे मात्र नवख्याला चटकन कळत नाही. थवा उडताना एका सेकंदात आठ-दहा फोटो निघतात. एक्झिफटूलला सांगितलं तर ते सारख्या नावांना -1, -2 असे आकडे जोडतं खरं, पण प्रत्येक फोटोची एक रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाईल) आणि एक जेपीजी अशी जोडी असते. त्यातली एखादी जेपीजी आधीच पुसलेली असली की तिथून पुढे आकडे सरकतात आणि एका फोटोची रॉ दुसऱ्याच जेपीजीशी जुळते. मूळ नाव सोबत राहिलं की जोडी फुटत नाही. आणि हे सगळं प्रत्यक्ष करण्याआधी 'फाइलनेम' च्या जागी 'टेस्टनेम' लिहून एक फेरी मारायची. जुनं नाव, नवं नाव अशी यादी पडद्यावर येते, फाईलला धक्का लागत नाही. ती यादी दोघांनी वाचायची, मगच खरी फेरी.

देवनागरी नावांच्या भानगडी तुम्ही सोडवल्यात, त्या दुसऱ्या कुणी सोडवल्या असत्या का, शंकाच आहे. 'सीवूड्स तलाव' या फोल्डरच्या नावात मोकळी जागा आहे. शेलमध्ये (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) व्हेरिएबल (ते नाव धरून ठेवणारी खूण) दुहेरी अवतरणात नसेल तर त्या नावाचे दोन तुकडे होतात आणि 'सीवूड्स' नावाची वस्तू सापडत नाही म्हणून तक्रार येते. 'एलएस' ने काढलेली फोल्डरमधल्या नावांची यादी लूपमध्ये (एकेक नाव घेऊन तीच आज्ञा पुन्हा चालवणाऱ्या भागात) घालण्याची सवय याच कारणासाठी तुम्ही मोडलीत. तिच्या जागी फायली शोधणाऱ्या 'फाइंड' ला 'प्रिंट-झीरो' आणि पुढे ती नावं दुसऱ्या कमांडला देणाऱ्या 'एक्सआर्ग्स' ला '-0' दिलंत. नावांच्या मध्ये शून्य बाइट येतो, आणि तो फाईलच्या नावात असूच शकत नाही, म्हणून नाव कसंही असो, तुटत नाही.

दुसरी भानगड अधिक सूक्ष्म. 'किनाऱ्यालगत' मधला ऱ्या दोन तऱ्हांनी टाईप होतो: एका कीबोर्डवर नुक्ता असलेल्या ऱ पासून, दुसऱ्यावर साध्या र ला हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र दोन वेगळी फोल्डर. म्हणून जागांची नावं कुणीही हाताने टाईप करायची नाहीत, तुमच्या यादीतला क्रमांक निवडायचा. लिनक्सच्या ईएक्सटी4 या फाईल साठवण्याच्या पद्धतीत नावाची मर्यादा 255 बाइटची आहे आणि युटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट खातं. म्हणजे फार तर 85 चिन्हं. पक्ष्याचं नाव, जागा आणि शेरा असं सगळं फाईलच्या नावात कोंबण्याचा आमचा आग्रह तिथेच संपला.

खात्री करण्याचा क्रम आता सगळ्यांना पाठ आहे. कार्ड उतरवल्याबरोबर कार्डावरच्या फायलींची 'शा-256-सम' ने यादी (प्रत्येक फाईलच्या मजकुरावरून निघणारी 64 अक्षरांची खूण आणि पुढे नाव), तीच यादी '-सी' लावून उतरवलेल्या प्रतीशी ताडायची, सगळं जुळलं तरच कार्ड फॉरमॅट. वेळदुरुस्तीनंतर फाईलचे बाइट बदलतात, त्यामुळे जुनी यादी निकामी होते आणि नवी करावी लागते. हा क्रम उलटा झाला तर प्रत्येक फाईल खराब असल्याचा निरोप येतो. दुहेरी फोटो शोधायलाही हीच यादी कामी येते: आधी ओळी क्रमाने लावणारं 'सॉर्ट', मग सारख्या ओळी ओळखणाऱ्या 'युनिक' ला फक्त पहिली 64 अक्षरं पाहायला सांगायचं. सॉर्ट विसरलं तर युनिकला शेजारच्या ओळींपलीकडचं दिसत नाही.

लोकांना पाठवायच्या लहान प्रतींसाठी फोटोंचा आकार बदलणारं 'मॉग्रिफाय' आहे. ते मूळ फाईलवरच लिहितं, म्हणून '-पाथ' देऊन वेगळं फोल्डर सांगणं सक्तीचं. 1600 पिक्सेलपेक्षा मोठा असेल तरच लहान कर, यासाठी आकड्यापुढे येणारं 'पेक्षा मोठं' चिन्ह अवतरणात हवं, नाहीतर शेल ते आउटपुट फाईलकडे वळवण्याची खूण समजतं. घरट्यांच्या फोटोंतून जागेचे अक्षांश-रेखांश काढायला '-स्ट्रिप', पण त्याआधी फोटो सरळ करणारं 'ऑटो-ओरिएंट', कारण फोटो उभा की आडवा ही नोंदही स्ट्रिपबरोबर जाते आणि पक्षी आडवे होतात. घरट्यांचा हा विचार आम्ही न सांगता तुम्ही केलात, त्याबद्दल मनापासून धन्यवाद.

बॅकअपची 'आरसिंक' ची (फोल्डरची प्रत दुसरीकडे ताजी ठेवणाऱ्या कमांडची) ओळ तर आम्ही छापून भिंतीवर लावली आहे. स्रोताच्या नावाअखेरीस तिरकी रेघ असली तर आतला मजकूर जातो, नसली तर फोल्डरसकट जातो. '--डिलीट' च्या (स्रोतात नसलेलं बॅकअपमधूनही पुसण्याच्या) सोबतीने ही चूक झाली तर बॅकअपमधलं भलतंच पुसलं जातं. म्हणून आधी 'ड्राय-रन', म्हणजे फायलींना हात न लावता नुसती चाचणी. आणि त्याच्याही आधी 'माउंटपॉइंट' ची (डिस्क खरंच जोडली आहे का याची) तपासणी, कारण बाहेरची डिस्क जोडलेली नसली तरी तिच्या नावाचं रिकामं फोल्डर तिथे असू शकतं. तसं असलं तर आरसिंक त्यातच ओतत राहतं आणि लॅपटॉपची डिस्क भरते. हे काम रात्री क्रॉनवर (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या सोयीवर) सोडून द्यायला तुम्ही नकार दिलात तो याचमुळे.

ताई, व्हिडिओंचा भाग अजून बाकी आहे. एमपी4 मधली वेळ नियमाप्रमाणे ग्रिनिचची असते, पण काही कॅमेरे तिथे स्थानिक वेळच लिहितात, तेव्हा प्रत्येक कॅमेऱ्याचा एक नमुना आधी तपासावा लागेल. या हंगामात ती ओळ आम्ही लिहू. टेस्टनेमची यादी काढून तुमच्याकडे पाठवतो, नजर टाकाल ना?

तुमचे ऋणी,
ठाणे, ऐरोली आणि नेरुळचे आम्ही सगळे नोंदकरी